अडून बसलेले यंत्र

घरातील घड्याळ बंद पडले, विहिरीवरचा पंप अडला किंवा सायकलची साखळी निखळली, की माणसाच्या तोंडून पहिला प्रश्न बाहेर पडतो तो 'काय झाले?' हा नव्हे, तर 'कोणी केले?' हा. हा प्रश्न विचारण्यास फारसे श्रम पडत नाहीत. त्या वस्तूला ज्याचा हात शेवटी लागला असेल, त्याच्याकडे बोट दाखविले की काम संपते. वस्तू मात्र होती तशीच बंद राहते. 'काय झाले?' हा प्रश्न अधिक अवघड आहे. तो विचारणाऱ्याला थांबावे लागते, नीट पाहावे लागते आणि आपला पहिला तर्क चुकला तर तो सोडून देण्याची तयारी ठेवावी लागते. रत्नागिरी जिल्ह्यातील एका खेड्यातल्या शाळेत, एका पावसाळी आठवड्यात, हे दोन्ही प्रश्न एकाच वेळी उभे राहिले. निमित्त झाले ते एका संगणकाचे.

शाळेत संगणक एकच होता. मुख्याध्यापकांच्या खोलीशेजारच्या लहानशा खोलीत, लाकडी टेबलावर, निळ्या कापडाखाली तो झाकून ठेवलेला असे. त्यात शाळेचे हिशेब होते, हजेरीपट होते. पण मुलांच्या दृष्टीने त्याचे खरे मोल वेगळेच होते. आदल्या वर्षी सहावीच्या मुलांनी गावातील वृद्ध स्त्रियांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या होत्या. गावात पिठाची गिरणी येऊन कित्येक वर्षे लोटली होती. जाती माजघराच्या कोपऱ्यात स्वस्थ बसली होती, आणि दळताना म्हटल्या जाणाऱ्या ओव्या आता केवळ आज्यांच्या ओठांवर उरल्या होत्या. मुले शनिवारी दुपारी दोघे-दोघे मिळून घरोघर जात, आजीसमोर बसत आणि ती म्हणेल ती ओवी वहीत उतरवून घेत. वर्षाअखेरीस दोनशेहून अधिक ओव्या जमल्या. कळफलकावर ज्याचा हात सर्वांत चांगला बसला होता, अशा एका मुलाने त्या साऱ्या संगणकावर उतरविल्या. 'आता वह्यांचे काय काम?' म्हणून वह्या मे महिन्यात रद्दीत गेल्या. संगणकातील मजकुराची दुसरी प्रत काढून ठेवावी, हे कोणाच्या मनातही आले नाही. त्याच उन्हाळ्यात ओव्या सांगणाऱ्यांपैकी एक आजी निवर्तल्या.

जूनच्या मध्यावर शाळा उघडली. पावसाने तोवर जोर धरला होता. भिंतींना ओल आली होती, फळ्यावरचा खडू दमट झाला होता. निळे कापड दूर करून संगणकाची कळ दाबण्यात आली. पंखा घरघरला. पडद्यावर यंत्र तयार करणाऱ्या कंपनीचे चिन्ह उमटले, आणि सारे तेथेच थबकले. पाच मिनिटे गेली, दहा गेली. चिन्ह पुढे सरेना की मागे हटेना. यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले, तरी तीच गत. शेतात जू मानेवर असतानाही बैलाने बसकण मारावी आणि काही केल्या उठू नये, तसे ते यंत्र अडून बसले. "कॉम्प्युटर हँग झाला!" ही बातमी मधल्या सुट्टीपर्यंत शाळाभर पसरली.

लगोलग पहिला प्रश्न आला. शेवटी कोणी वापरला होता? उत्तर सर्वांना ठाऊक होते. ओव्या उतरविणारा तो मुलगाच सुट्टी लागण्याच्या दिवशी शेवटी यंत्रावर बसला होता. सर्वांच्या नजरा त्याच्याकडे वळल्या. "मी काही केले नाही," एवढेच तो म्हणाला, आणि त्याने मान खाली घातली. एका वर्गमित्राने तर दुसऱ्या दिवशी त्याच्याशेजारी बसण्याचेही टाळले.

शहरातील दुकानात काही महिने काम केलेला एक तरुण वाटेने जाताना डोकावला. त्याने पाहताक्षणी उपाय सांगितला, "डिस्क पुसून टाका आणि सारे नव्याने घाला. तासाभरात चालू होईल." मुख्याध्यापकांनाही क्षणभर ते पटले. परंतु डिस्क पुसणे म्हणजे ओव्याही पुसणे. विज्ञान शिकविणाऱ्या बाई तेथेच उभ्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "रोग ओळखण्यापूर्वी औषध नको. आणि जे औषध दिल्यावर परत घेता येत नाही, ते तर सर्वांत शेवटी." मुख्याध्यापकांनी त्यांना दोन दिवसांची मुदत दिली.

बाईंचे पुढचे वागणे समजावयाचे, तर संगणक सुरू कसा होतो हे थोडे जाणून घेतले पाहिजे. संगणक सुरू होणे म्हणजे दिवा लागणे नव्हे. बटण दाबताच दिवा लागतो. संगणकाला मात्र अनेक पायऱ्या ओळीने चढाव्या लागतात. वीज गेली की त्याची चालू स्मृती, जिला रॅम म्हणतात ती, पार कोरी होते. आपण कोण आहोत, काय करावयाचे आहे, हेही तिला आठवत नाही. मग ज्याला काहीच आठवत नाही, त्याने आठवायला सुरुवात तरी कशी करावी?

या कोड्याचे उत्तर शाळेच्या रोजच्या सकाळीत सापडते. सकाळी शाळा रिकामी असते. सर्वांच्या आधी शिपाईकाका येतात. किल्ली त्यांच्यापाशीच असते. ते कुलूप काढतात, वर्ग उघडे आहेत ना हे पाहतात, घंटा वाजवितात. मग शिक्षक येतात, आणि त्यानंतर शाळा खऱ्या अर्थाने सुरू होते. संगणकातही असा एक शिपाईकाका असतो. मदरबोर्ड नावाच्या मुख्य पाटीवर एक छोटी चिप असते. वीज गेली तरी तिच्यातील सूचना पुसल्या जात नाहीत. या सूचनांना बायोस म्हणतात. कळ दाबली की प्रथम वीज पुरविणारी पेटी भिंतीतून येणाऱ्या २३० व्होल्ट विजेचे १२, ५ आणि ३.३ व्होल्ट अशा सौम्य विजेत रूपांतर करते. मग बायोस जागे होते. स्मृती जागेवर आहे का, पडदा आहे का, कळफलक आहे का, अशी हजेरी ते घेते. नंतर ते डिस्क शोधते, तिच्यावरील एक छोटी सूचनावली वाचते, आणि ती सूचनावली बाकीचा मोठा कारभार डिस्कवरून स्मृतीत आणते. या साऱ्या क्रियेला इंग्रजीत 'बूट होणे' म्हणतात. उंच बूट पायात चढविताना धरण्यासाठी त्याला मागे एक पट्टी असते. आपल्याच बुटाची पट्टी ओढून स्वतःला वर उचलावे, अशी एक गमतीची कल्पना इंग्रजीत आहे. तिच्यावरून हा शब्द आला. स्वतःच स्वतःला उठविणाऱ्या यंत्राला तो शोभतोही.

आता यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. हजेरी ज्या नावाशी थांबली, त्या नावाच्या आसपासच गडबड असणार. शाळेच्या संगणकाचा पंखा फिरत होता. म्हणजे यंत्रापर्यंत वीज पोहोचत होती. पडद्यावर चिन्ह उमटत होते; म्हणजे पडदा धड होता आणि बायोसही जागे झाले होते. अडचण त्यानंतर कोठेतरी होती. यंत्र बोलत नव्हते खरे. पण ते कोठे थांबले, हे सांगत होते.

बाईंनी एक कोरी वही घेतली आणि तिच्यात तीन रकाने आखले: 'काय केले', 'काय दिसले', 'त्यावरून काय कळले'. मुलांना त्यांनी एकच नियम सांगितला, "एका वेळी एकच बदल." का, हेही त्यांनी समजाविले. पावसाळ्यात चूल पेटेनाशी झाली, आणि आपण एकदमच लाकडे बदलली, राख काढली व फुंकणीने फुंकरही घातली, तर चूल पेटेल. पण ती कशाने पेटली हे कळणार नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच पंचाईत होईल.

अशी नोंद ठेवण्याची रीत संगणकांइतकीच जुनी आहे. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात 'मार्क दोन' नावाचा एक प्रचंड संगणक होता. विजेच्या साह्याने उघडझाप करणाऱ्या रिले नावाच्या असंख्य खटक्यांवर तो चाले. ९ सप्टेंबर १९४७ रोजी तो बिघडला. शोध घेता घेता तेथील लोकांना ७० क्रमांकाच्या रिलेत अडकलेला एक पतंग सापडला. त्यांनी तो फेकून दिला नाही. चिकटपट्टीने नोंदवहीत चिकटविला आणि शेजारी वेळ घालून टीप लिहिली. यंत्रातील दोषाला 'किडा' म्हणण्याची पद्धत अभियंत्यांत त्यापूर्वीच होती. खराखुरा किडा सापडल्याची मौज त्या टिपेत उतरली आहे. याच यंत्रावर काम केलेल्या ग्रेस हॉपर या गणितज्ञ विदुषी ही हकीकत पुढे मोठ्या आवडीने सांगत. पतंगासह ते पान वॉशिंग्टन येथील अमेरिकन इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयात जतन केलेले आहे. पतंग कोणी आत सोडला, याची चौकशी त्या पानावर नाही.

शाळेतील वहीवर पहिली नोंद झाली ती केवळ वाट पाहण्याची. कधी कधी यंत्र अडलेले नसते, नुसते मंद झालेले असते. घड्याळ लावून पंधरा मिनिटे वाट पाहिली. कळफलकावरील कॅप्स लॉकची कळ दाबून तिचा दिवा बदलतो का, तेही पाहिले. दिवा बदलला नाही. यंत्र खरोखरच अडले होते.

दुसरी नोंद बाहेरच्या जोडणीची. प्रिंटर, ध्वनिक्षेपक आणि मागे तसाच राहून गेलेला एक जुना पेनड्राइव्ह ही सारी काढली. बायोस सुरुवातीला अशा उपकरणांचीही दखल घेते, आणि त्यांतील एखादे बिघडलेले असले तर तेथेच खोळंबते. येथे तरी तीन गोष्टी एकदम काढल्या, असे एका मुलीने ध्यानात आणून दिले. बाई हसल्या. त्या म्हणाल्या, "खरे आहे. फरक पडला असता, तर एकेक परत लावून पाहावे लागले असते." पण फरक पडला नाही.

नंतर पेटी उघडावयाची होती. तत्पूर्वी बाईंनी भिंतीवरचे बटण बंद केले, वीज आणणारी तार काढून बाजूला ठेवली, आणि पेटीच्या धातूच्या चौकटीला हात लावून अंगावरील स्थिर विद्युत् निघून जाऊ दिली. वीज पुरविणाऱ्या आतील पेटीला मात्र त्यांनी स्पर्श केला नाही. तार काढल्यावरही त्या पेटीत काही काळ घातक विद्युत् साठून राहते. ती उघडणे हे जाणत्या कारागिराचेच काम. मुलांनीही मोठ्या माणसावाचून संगणकाची पेटी उघडू नये, हे त्यांनी दोनदा बजाविले.

आत धुळीचा थर होता. "सापडले! धूळच!" असे सारे एकदम ओरडले. मऊ ब्रशने धूळ झाडली, पंख्याची पाती स्वच्छ केली, पेटी जोडून कळ दाबली. चिन्ह उमटले आणि थबकले. त्यानंतर रॅमची पट्टी हलकेच काढली. कोकणातील दमट हवेने धातूवर मळ चढतो आणि जोड नीट बसत नाही, म्हणून तिच्या सोनेरी कडा एका मुलीच्या कंपासपेटीतील खोडरबराने पुसल्या. पट्टी परत बसविली. तरीही फरक नाही.

दिवस मावळत आला. वहीत चार नोंदी झाल्या होत्या, आणि चारही ठिकाणी 'फरक नाही' असे लिहिले होते. "सगळी मेहनत फुकट गेली," एक मुलगा पुटपुटला. बाई म्हणाल्या, "फुकट कशी? सकाळी आपला संशय दहा जागी होता. आता तो तीन-चार जागी उरला. 'फरक नाही' हेही उत्तरच आहे. यंत्राने आपल्याला चार वेळा 'येथे नाही' असे सांगितले."

मुले घरी गेली. तो मुलगा मात्र दाराशी घोटाळत राहिला. शेवटी तो आत आला आणि हळूच म्हणाला, "बाई, मी काही केले नाही असे सांगितले, ते खरे नव्हते. शेवटच्या दिवशी ढग गडगडू लागले होते. मी घाईने कॉम्प्युटर नीट बंद न करताच भिंतीवरचे बटण बंद केले आणि पळालो. माझ्यामुळेच ओव्या गेल्या."

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी खोटा दिलासाही दिला नाही. त्या म्हणाल्या, "तुझे चुकले, हे खरे. डिस्कवर लिहिणे चालू असताना वीज तोडली, तर लिखाण अर्धवट राहते आणि मजकूर बिघडू शकतो. पण तुझ्या चुकीनेच यंत्र अडले, हे अजून ठरलेले नाही. मजकूर बिघडला असेल तर यंत्र बहुधा या चिन्हाच्या पुढे जाऊन अडखळते. हे तर चिन्हापाशीच थांबते. हे तू पहिल्या दिवशीच सांगितले असतेस, तर मला उपयोग झाला असता. आता सांगितलेस, तेही बरे केलेस." त्यांनी वहीत पाचवी नोंद केली: 'शेवटच्या वेळी यंत्र रीतसर बंद न करता वीज तोडली होती.' त्या नोंदीत नाव लिहिलेले नव्हते.

दुसऱ्या दिवशी डिस्कची पाळी आली. डिस्कला दोन तारा जोडलेल्या असतात. एक वीज देते, दुसरी मजकुराची ने-आण करते. मजकुराची तार बाईंनी काढून ठेवली आणि कळ दाबली. चिन्ह उमटले, आणि या वेळी ते नाहीसे झाले! काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक ओळ उमटली. सुरू होण्यासाठी डिस्क सापडत नाही, असा तिचा अर्थ होता. दोष सांगणारी सूचना वाचून मुलांनी टाळ्या वाजविल्या, असा प्रसंग त्या शाळेत पूर्वी घडला नसेल. डिस्क वगळली की बाकीचे यंत्र पुढे जाते, हे आता सिद्ध झाले होते.

त्या मुलाच्या चेहऱ्यावर मात्र टाळ्या उमटल्या नाहीत. अडचण डिस्कपाशी आहे, म्हणजे डिस्कच गेली असेल काय? बाईंनी त्याच्याकडे पाहिले आणि सर्वांना विचारले, "आता संशय कोणाकोणावर?" थोड्या विचाराने उत्तरे आली. डिस्क, तिची विजेची तार, किंवा मजकुराची तार. "यांतले सर्वांत सोपे आणि निर्धोक काय बदलता येईल?" मजकुराची तार. पेटीत डीव्हीडीच्या यंत्रालाही तशीच तार होती. बाईंनी ती त्या मुलाच्या हातात दिली. जुनी तार दिसायला अगदी धड होती. तिला ना चीर होती, ना डाग. त्याने ती बाजूला ठेवली, दुसरी तार डिस्कला जोडली, आणि बाईंनी कळ दाबली.

चिन्ह आले, गेले. पडदा काही क्षण काळा राहिला. मग ओळखीचा निळा रंग पसरला, आणि त्यावर 'ओव्या' हे नाव असलेला कप्पा दिसू लागला. कोणी टाळी वाजविली नाही. मुलाने कप्पा उघडला आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत एकेक पान पाहिले. सारी जागेवर होती.

बाईंनी ताबडतोब साऱ्या ओव्या एका नव्या पेनड्राइव्हवर उतरवून घेतल्या, आणि मगच त्यांनी जुनी तार पुन्हा डिस्कला जोडण्यास सांगितले. "चालू झालेले पुन्हा कशाला बिघडवायचे, बाई?" मुले कळवळून म्हणाली. "योगायोगाने चालू झाले की तारेमुळे, हे कळावे म्हणून," बाई म्हणाल्या. जुनी तार जोडताच यंत्र पुन्हा चिन्हापाशी अडले. दुसरी तार लावताच पुन्हा चालू झाले. आता शंकेला जागा उरली नाही. वरून धड दिसणारी ती हातभर तार आतून निकामी झाली होती.

वहीत शेवटची नोंद झाली. तालुक्याच्या गावाहून नवी तार आली, आणि डीव्हीडीच्या यंत्राला त्याची तार परत मिळाली. ओव्यांची एक प्रत कागदावर छापून ग्रंथालयात ठेवण्यात आली. शेजारी बसण्याचे टाळणारा वर्गमित्र आपण होऊन जागेवर परत आला. आणि त्या मुलाने, कोणी न सांगता, भिंतीवरच्या बटणाखाली एक कागद चिकटविला: 'आधी संगणक बंद करा, मग बटण.' यंत्र त्याच्या चुकीने अडले नव्हते. तरी चूक ती चूकच, हे त्याला कोणी समजाविण्याची गरज उरली नव्हती.

ती वही संगणकाशेजारी खिळ्याला टांगलेली असते. पंप अडला, घंटेची दोरी तुटली, नळाला पाणी येईनासे झाले, तरी मुले आता प्रथम तीच वही उतरवितात. तिच्यात अजूनही तीनच रकाने आहेत. 'कोणी केले?' असा चौथा रकाना तिच्यात आखलेला नाही.